आधी तो वेल्डिंग रॉड खाली ठेव

आधी तो वेल्डिंग रॉड खाली ठेव. आणि हसू नकोस. पद्मिनीच्या पोटात मारुती आठशेचा स्टिअरिंग रॅक बसला, स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळतात, म्हणून तुला वाटतंय आपण मैदान मारलं. चाकं दोरी बांधून ओढली तरी वळतात. मला एवढंच सांग, मालक तक्रार काय घेऊन आला होता?

स्टिअरिंगला प्ले आहे आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटते. बरं. मग तू काय तपासलंस? गाडीखाली जाऊन आयडलर आर्म हलवून पाहिलास? टाय रॉडची टोकं एकेक हातात धरलीस? स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट ढिले आहेत का, टायरमध्ये हवा किती, अलाइनमेंट शेवटचं कधी झालं, यातलं काही एक? नाही. तू थेट ग्राइंडर काढलास. तू भंगारात टाकलेला स्टिअरिंग बॉक्स मी आत्ता बाकावर घेऊन फिरवून पाहिला. मधल्या जागी थोडा खेळ आहे, तो अॅडजस्टमेंटने जाईल. पण त्याच ढिगात पडलेला आयडलर आर्म बघ. हे बघ, नुसत्या अंगठ्याने हलतोय. बुश पार गेलाय. रोग रेड्याला नि औषध पखालीला! एका बुशाचं काम होतं, तू गाडीचं अख्खं पुढचं अंग फाडून ठेवलंस.

"सर, रॅक मॉडर्न असतो." कोणी सांगितलं? बीएमडब्ल्यूच्या ३२८ला १९३६ साली रॅक-पिनियन होतं. १९४८च्या मॉरिस मायनरला होतं. ज्या अँबेसेडरला तुम्ही पोरं खटारा म्हणता, तिला जन्मापासून रॅक-पिनियन आहे, कारण ती मॉरिस ऑक्सफर्डची लेक. उलट मर्सिडीजच्या ई-क्लासला रॅक मिळाला तो १९९५ साली. त्याआधीची डब्ल्यू१२४, जिला अजून लोक रणगाडा म्हणून मान देतात, ती बॉक्सवरच चालली. तेव्हा नवं-जुनं हा वाद माझ्यापुढे नको. आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी? ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची उतरली रस्त्यावरून. तोवर त्या भुलेश्वरच्या गल्ल्यांतून काय रॅकवर फिरत होत्या?

रॅक वाईट असं मी म्हणत नाही. जोडण्या कमी, वजन कमी, चाक कुठे आहे ते हाताला नेमकं कळतं. पण तो ज्या गाडीसाठी बनतो त्या गाडीच्या मापाचा असतो. दुसऱ्याची कवळी आपल्या तोंडात बसवून कोणी भाकरी खातं का? मारुतीचं इंजिन आडवं, म्हणून त्याच्या मागे फायरवॉलपाशी रॅकला ऐसपैस जागा. पद्मिनीचं इंजिन उभं, तेलाचा संप बरोबर आड येतो. म्हणून तू काय केलंस, तर रॅक पुढे सरकवलास आणि चार इंच खाली टांगलास. त्या चार इंचांनी काय केलं ते आता नीट ऐक, कारण इथेच माणसं मरतात.

मारुतीला पुढे स्ट्रट आहे. पद्मिनीला वर-खाली दोन विशबोन आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेलं की विशबोन आपापल्या बिजागरीभोवती फिरतात आणि चाक एका ठरावीक कमानीत वर-खाली होतं. टाय रॉडचं बाहेरचं टोकही त्याच कमानीत हललं पाहिजे. त्यासाठी दोन अटी. समोरून पाहिलं तर टाय रॉडचं आतलं टोक दोन्ही विशबोनच्या आतल्या बिजागऱ्या जोडणाऱ्या रेषेवर हवं. आणि वरच्या-खालच्या विशबोनच्या रेषा वाढवल्यावर जिथे मिळतात, टाय रॉडची रेषाही तिथेच जायला हवी. मूळ लिंकेजमध्ये टाय रॉडची आतली टोकं जिथे होती, ती जागा कारखान्याने उगाच निवडली नव्हती. रॅकचे आतले बॉल बरोबर त्याच दोन बिंदूंवर यायला हवेत. तुझा रॅक किती रुंद? मोजलास? बिंदू कुठे होते याची खूण तरी केलीस, का कापल्यावर आठवलं?

टाय रॉड चुकीच्या कमानीत गेला की स्टिअरिंगला हात न लावता चाक वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात, वर्गात दोनदा शिकवलंय, तेव्हा तू मोबाइलमध्ये होतास. गतिरोधकावरून गेली की गाडी नाक उडवेल. ब्रेक दाबला की पुढचं अंग खाली बसतं, दोन्ही चाकं एकदम आत वळतील किंवा बाहेर फाकतील. एकच चाक खड्ड्यात गेलं तर गाडी त्या बाजूला उडी घेईल. मालक ही गाडी कसाऱ्याच्या घाटातून नाशिकला नेणार आहे, बायकोमुलांना घेऊन. तू त्याला चावी देणार होतास शनिवारी.

तपासायला काही परदेशी मशीन लागत नाही. गाडी स्टँडवर, स्प्रिंग बाहेर, स्टिअरिंग मधोमध बांधून टाकलेलं. हबवर सरळ पाटी बोल्टने कस. पाटीच्या पुढच्या टोकाला एक डायल गेज, मागच्या टोकाला दुसरा. खालच्या विशबोनखाली जॅक, आणि दहा-दहा मिलिमीटरने चाक वर घे, प्रत्येक वेळी दोन्ही आकडे वहीत. मग तसंच खाली. दोन आकड्यांतला फरक म्हणजे टो. तो जवळपास तसाच राहिला तर रॅकची उंची बरोबर. वर जाताना एका बाजूला आणि खाली येताना दुसऱ्या बाजूला फरक पडत गेला तर उंची चुकली. वर-खाली दोन्हीकडे एकाच दिशेला गेला तर टाय रॉडची लांबी चुकली, म्हणजे रॅकच तुझ्या गाडीचा नाही. अर्धा दिवस लागतो. तू तेवढ्या वेळात नुसती वेल्डिंगची घाण साफ करत होतास.

आता वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, तो अॅकरमनचा हिशेब सांगतो, पण थोडक्यात. हे प्रकरण लांकेनश्पेर्गर नावाच्या म्युनिकच्या बग्गी बनवणाऱ्याचं, इंग्लंडात पेटंट १८१८ साली अॅकरमनने घेतलं, घोड्यांच्या बग्ग्यांसाठी. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिलिमीटर. आतलं चाक ३० अंश वळलं तर बाहेरचं साधारण २४ वळायला हवं. रॅक पुढे सरकला की वरून दिसणारे टाय रॉडचे कोन बदलले आणि हा हिशेब मोडला. आता प्रत्येक वळणावर एक टायर फरफटत जाणार.

आणि हा कॉलम! शाफ्ट कापून मधे युनिव्हर्सल जॉइंटचा एकच क्रॉस घातलास. कोन किती? मी मोजला, ३० अंश. एका क्रॉसने ३० अंशांत एका फेरीत शाफ्टचा वेग दोनदा १५ टक्क्यांनी वाढतो आणि दोनदा १३ टक्क्यांनी पडतो. हाताला कसं लागेल? एकदा हलकं, एकदा जड, परत हलकं. दोन क्रॉस लागतात, दोघांवर कोन सारखा, आणि मधल्या तुकड्याचे दोन्ही योक एका रेषेत. बाजारात जोडायला स्प्लाइनचे कपलर मिळतात. तू मात्र शाफ्टला शाफ्ट टेकवून वेल्ड मारलास आणि वर ग्राइंडरने गुळगुळीत केलंस, दिसू नये म्हणून. त्याचाच मला जास्त राग आलाय. टाय रॉडही तसाच जोडलायस, एकाच ठिकाणी दोन वेळा. वेल्डच्या शेजारचं लोखंड तापून स्वभाव बदलतं, आणि ते तुटेल तेव्हा आधी चिठ्ठी पाठवणार नाही. शिवाय गिअर हँडलवर आहे हे विसरलास की काय? कॉलम तिरका केलास, आता गिअरचे रॉड आडवे आलेत. दुसरा गिअर टाकून दाखव.

तो अँगलचा ब्रॅकेट बघ. तू वर स्टिअरिंग हलव, मी खाली आहे. हलव. बघ, चाकाच्या आधी ब्रॅकेट हलतोय, नखाएवढा. म्हणजे ज्या प्लेसाठी हा सगळा खटाटोप, तो प्ले तू नवा विकत आणलास. केंद्राच्या नियमांत स्टिअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले चालत नाही, बॉल जॉइंटवर रबर कॅप हवी, बोल्ट लॉक केलेले हवेत. तुझ्या दोन कॅप फाटल्यात आणि स्प्लिट पिनच्या जागी तार आहे. तार!

कायद्याचंही बघ. गाडीच्या मूळ घडणीत बदल करण्याविरुद्ध मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्पष्ट सांगितलंय. शिवाय ही गाडी १९७४ची. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण मूळ रूपात असेल तर. मालकाला ती विंटेजची पाटी हवी आहे, त्याने मला स्वतः सांगितलंय. ज्या कुर्ल्यात ही गाडी बनली, त्याच कुर्ल्याच्या भंगारातून तू तिचं मूळ रूप घालवणारा रॅक आणलास.

आता कामाला लाग. रॅक काढ, गोणीत घाल. ब्रॅकेट कापताना मूळ क्रॉस मेंबरला ग्राइंडर लागला तर माझ्याशी गाठ आहे. शाफ्ट आणि टाय रॉड पुन्हा कुणाच्या गाडीत जाणार नाहीत, दोन्हीचे माझ्यासमोर तुकडे कर. बॉक्स उघड, धू, बेअरिंग बघ, तेल भर, अॅडजस्ट कर. कॉलम जुन्या पद्मिनीचा शोध, अखंड. आयडलरला नवा बुश, चारही टोकं नवी, स्प्लिट पिन नव्या. नंतर अलाइनमेंट, आणि गाडी चालवून मीच बघणार.

आणि मालकाला फोन तू करायचा, मी नाही. शनिवारी गाडी मिळणार नाही म्हणून सांग. का मिळणार नाही असं त्याने विचारलं, तर तेही सांग. मी इथेच उभा आहे, लाव फोन.