कोयत्याची मूठ
दसरा जवळ आला की पाथर्डी-शेवगावकडच्या लोहाराची भट्टी थंड होत नाही. ऊसतोडीला निघण्याआधी कोयता घडवून घ्यायचा असतो. ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद तापतं, घण बसतात, लालबुंद पातं पाण्यात चर्र करतं. पाणी कमी बसलं तर धार वळते, जास्त झालं तर तुकडा उडतो. मूठ मात्र हात बघून बसवावी. बाईचा हात लहान, हे चांगला लोहार विसरत नाही. ऊस जमिनीलगत छाटायचा, कारण बुडख्यात साखर अधिक. म्हणजे दिवसभर वाकणं आलं. हा ऊस जातो साखर कारखान्यात. १९५०-५१च्या हंगामात पाथर्डी-शेवगावच्याच जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याचं कौतुक रास्तच. पण पहाटे फडात उतरणाऱ्या त्या बाईच्या पाठदुखीचा, तिच्या मुलांच्या बुडालेल्या शाळेचा हिशेब आपल्याकडून अजून चुकता व्हायचा आहे.