नायकाचा स्वभाव आणि श्रोत्याचा हक्क

अतिमानवी शक्ती लाभलेल्या नायकांच्या, म्हणजेच सुपरहिरोंच्या, चित्रकथामालेचा नवा अंक निघाला की त्याच्या निष्ठावान वाचकांमध्ये जी खळबळ उडते, तिला बहुतेक सुजाण लोक पोरकटपणा समजतात. आपला नायक असे वागूच शकत नाही, पाच वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट लेखक विसरला, पोशाख बदलण्याची काय गरज होती, अशा तक्रारी ऐकल्या की काल्पनिक माणसासाठी एवढा जीव कशाला काढायचा, असा प्रश्न विचारला जातो. हा प्रश्न चुकीच्या जागी उभा राहून विचारलेला आहे, कारण वीराची गोष्ट पुन्हापुन्हा ऐकणारा समाज त्या गोष्टीवर नेहमीच हक्क सांगत आला आहे आणि त्या हक्काचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय आजच्या वाचकाचा संताप उलगडत नाही. हे तपासायला तंजावूरइतकी सोयीची जागा विरळाच. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तिथे मराठ्यांची गादी स्थापिली, ती 1855 पर्यंत टिकली, आणि त्या काळात मराठी, तमिळ, तेलुगू व संस्कृत या भाषांतल्या वीरकथा एकाच गावात एकाच श्रोत्यापुढे सांगितल्या गेल्या.

नव्या अंकावरच्या आक्षेपांचे तीन प्रकार वेगळे केले तर चर्चा सोपी होते. पहिला आक्षेप सातत्याचा. मालेत आधी घडलेल्या घटनांशी नवी घटना जुळली पाहिजे, अशी ही अपेक्षा असते. दुसरा स्वभावाचा. नायकाचे जे अंतरंग वाचकाने वर्षानुवर्षे ओळखले आहे, त्याच्याशी त्याची नवी कृती विसंगत ठरू नये, असे त्याचे म्हणणे असते. तिसरा आक्षेप सवयीचा असून जे आजवर पाहिले तेच पुढेही दिसावे एवढाच त्याचा आग्रह असतो. वाचक भांडतो तेव्हा हे तिन्ही एकाच सुरात बोलतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते सारखेच वाटतात. प्रत्यक्षात त्यांची योग्यता सारखी नाही, आणि तंजावूरच्या कथापरंपरेने ती कशी तोलली हे पाहण्याजोगे आहे.

तमिळनाडूत 'तोल्पावैकूत्तु' नावाचा खेळ आहे. तोल म्हणजे कातडे, पावै म्हणजे बाहुली आणि कूत्तु म्हणजे नाट्य. हा खेळ करणारी मंडिकर मंडळी घरात आजही मराठीची एक बोली बोलतात आणि त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राजवटीत तंजावूरला आले व तिथून दक्षिणेकडे पांगले, असे परंपरा सांगते. शेळीचे कातडे प्रकाश आरपार जाईल इतके पातळ करून, त्यावर दागिन्यांच्या व वस्त्रांच्या नक्षीची बारीक छिद्रे पाडून आणि रंग भरून बाहुली तयार होते. पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावला की त्या छिद्रांतून झिरपणारा उजेड दागिन्यांसारखा चमकतो. एकच सूत्रधार सर्व पात्रांचे आवाज काढतो, आणि रामायण सांगायचे तर खेळ सलग दहा-दहा रात्री चालतो. चौकटीत बसवलेले चित्र, त्याला जोडलेला संवाद आणि आजचा प्रसंग उद्यावर ठेवण्याची युक्ती, ही चित्रकथेची तिन्ही अंगे इथे छपाईच्या कितीतरी आधी एकत्र आलेली दिसतात. पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी कागदावरची चित्रे एकामागून एक पुढे धरून जी आख्याने सांगतात, त्यांचे आणि या खेळाचे नाते मराठी वाचकाला सहज ओळखता येईल.

या खेळात बदलाला वाव कुठे ठेवला आहे, हे वादाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. राम, सीता, हनुमान आणि रावण यांच्याबरोबरीने पडद्यावर उच्चिकुडुंबन आणि उळुवत्तलैयन ही विदूषकांची जोडी येते. गावातली भांडणे, बाजारभाव, नवी फॅशन, चालू सिनेमा यांपैकी काहीही त्यांच्या तोंडी येऊ शकते. म्हणजे नवेपणाला मज्जाव नाही, पण तो कथेच्या कडेने आत येतो आणि मधला राम मात्र आपल्या वचनाला बांधलेला राहतो. विदूषकाने काल म्हटले तेच आज म्हटले तर श्रोता कंटाळेल. रामाने वचन मोडले तर तोच श्रोता उठून जाईल. काय बदलायचे आणि काय राखायचे याची ही वाटणी कोणत्याही शास्त्रग्रंथाने केलेली नसून रात्रीमागून रात्र पडद्यासमोर बसलेल्या माणसांनी ती घडवली आहे.

तंजावूरजवळच्या मेलट्टूर गावी होणाऱ्या भागवत मेळ्यात हीच गोष्ट अधिक तीव्रपणे जाणवते. नरसिंह जयंतीच्या निमित्ताने तिथे मेलट्टूर वेंकटराम शास्त्रींचे 'प्रह्लादचरित्रम्' हे तेलुगू नाटक होते व सर्व भूमिका पुरुषच करतात. नरसिंहाचा मुखवटा एरवी देवळात पूजेत असतो, तो धारण करणारा नट उपवास करतो, आणि खांबातून नरसिंह प्रकटला की त्याच्या आवेशाला आवरण्यासाठी माणसे त्याला धरून ठेवतात. कथेचा शेवट प्रत्येकाला ठाऊक असूनही प्रेक्षक रात्रभर जागतात, कारण पुढे काय होणार या उत्सुकतेपेक्षा, ज्याची खात्री आहे ते यंदाही तितक्याच सामर्थ्याने घडेल ना, ही काळजी मोठी असते. नव्या अंकाची वाट पाहणाऱ्या वाचकाच्या मनातही हीच काळजी असते. नवी गोष्ट त्याला हवी असते, पण त्या नव्या गोष्टीत ओळखीचा नायक पुन्हा भेटावा ही त्याची खरी मागणी असते.

याच शहरात कथेवरच्या मालकीचे दुसरे टोकही दिसते. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या देवळात भोसले वंशाचा इतिहास मराठीत शिळेवर कोरवून घेतला. आपल्या पूर्वजांची कोणती हकीगत प्रमाण मानायची हे राजाने ठरवले आणि ती दगडात पक्की केली. चित्रकथांच्या जगात अशा अधिकृत हकीगतीला 'कॅनन' म्हणतात, आणि आधी सांगितलेली घटना नंतरच्या अंकात मागे जाऊन बदलण्याला 'रेटकॉन' म्हणतात. तोल्पावैकूत्तुतला राम कोणाच्याच मालकीचा नसल्याने त्याचे प्रमाणरूप श्रोत्यांच्या स्मृतीत राहते. सुपरहिरो मात्र कायद्याने प्रकाशनसंस्थेच्या मालकीचा असतो, त्यामुळे शिळालेख संस्थेचा आणि स्मृती वाचकाची, अशी फाळणी होते. नव्या अंकावरचा संताप मुळात या फाळणीतून उपजतो.

ही दरी बुजवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. अमेरिकेत मार्व्हलच्या अंकांतील पत्रव्यवहाराच्या पानांवर स्टॅन ली यांनी 1960 च्या दशकात 'नो-प्राइझ' नावाचा एक मान सुरू केला. कथेतली विसंगती दाखवून, ती खरे तर विसंगती कशी नाही याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण देणाऱ्या वाचकालाही तो मिळू लागला, आणि बक्षीस म्हणून घरी येई ते रिकामे पाकीट. वरवर हा खेळकरपणा दिसतो, पण पूर्वपक्ष मांडायचा आणि त्याचे समाधानही आपणच करायचे, ही आपल्याकडच्या टीकाकारांची जुनी रीत त्यात अभावितपणे उतरली आहे. आक्षेप घेणाऱ्यावर कथा सांभाळण्याची जबाबदारी टाकली की तोच तिचा भाष्यकार होतो.

याच्या उलट 1988 मध्ये बॅटमॅनच्या मालेत घडले. त्याचा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा हे वाचकांनी पैसे मोजून दूरध्वनीवरून ठरवावे, असा प्रयोग डीसी या प्रकाशनसंस्थेने केला. मृत्यूच्या बाजूने 5,343 आणि जीवदानाच्या बाजूने 5,271 कौल पडले, आणि 72 मतांच्या फरकाने त्याचा अंत झाला. इथे वाचकाला अधिकार मिळाला असे म्हणणे फसवे आहे. स्वभाव, सातत्य, औचित्य यांपैकी कशाचाही विचार मांडायला त्यात जागा नव्हती, होती ती फक्त हो किंवा नाही म्हणण्याची मुभा. श्रोत्याचा हक्क मतमोजणीने सिद्ध होत नाही, त्याला युक्तिवादाचा आधार लागतो.

असा आधार असलेल्या आक्षेपाचे उत्तम उदाहरण 2007 मधले आहे. 'वन मोअर डे' या कथानकात स्पायडरमॅन, म्हणजे पीटर पार्कर, मरणाच्या दारी असलेल्या आपल्या मे काकूला वाचवण्यासाठी मेफिस्टो या सैतानाशी सौदा करतो आणि 1987 मध्ये झालेले त्याचे लग्न जणू कधी झालेच नव्हते असे होऊन जाते. अनेक वाचक दुखावले ते केवळ आवडते जोडपे विभक्त झाले म्हणून नव्हे. आपल्या बेपर्वाईने काकांचा जीव गेला या जाणिवेतून ज्याने सामर्थ्याबरोबर येणारी जबाबदारी पत्करली, तोच नायक कृतीचे परिणाम सोसण्याऐवजी ते सैतानाकरवी पुसून टाकतो, ही त्यातली सल होती. तोल्पावैकूत्तुच्या भाषेत बोलायचे तर बदल विदूषकाच्या वाटेने न येता थेट रामाच्या वचनाला भिडला होता.

स्वभाव राखला गेला तर श्रोते किती मोठा बदल स्वीकारतात, याचाही दाखला तंजावूरने दिला आहे. मराठी कीर्तनकारांनी तिथे आणलेली आख्यानाची बांधणी एकोणिसाव्या शतकात तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेत मुरवली आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद तमिळ श्रोत्यांच्या कानांना परिचित केले. भाषा, चाल आणि सादरीकरण बदलले, पण भक्ताची निष्ठा आणि देवाचे धावून येणे तसेच राहिले, म्हणून श्रोता परका झाला नाही. छापील चित्रकथांनीही हीच वाट धरली. ली फॉक यांचा 1936 मधला फँटम 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून मराठीत आला तो 'वेताळ' होऊन, आणि रात्री गावाची राखण करणाऱ्या दैवताचे नाव मिळताच दूरच्या जंगलातला तो मुखवटाधारी कोकणातल्या वाचकालाही ओळखीचा वाटला. शिवकाशीहून निघालेल्या 'मुत्तु कॉमिक्स'ने 1972 मध्ये 'स्टील क्लॉ' हा ब्रिटिश नायक 'इरुम्बुक्कै मायावी', म्हणजे लोखंडी हाताचा मायावी, या नावाने तमिळमध्ये आणला, तेव्हा पुराणातल्या एका शब्दाने हेच काम केले. 2004 मध्ये भारतासाठी रचलेला स्पायडरमॅन तर पवित्र प्रभाकर नावाचा, धोतर नेसून मुंबईत वावरणारा मुलगा आहे.

या कसोटीवर तिसऱ्या, म्हणजे सवयीच्या, आक्षेपाचे वजन कमी भरते. 2011 मध्ये माइल्स मोरालेस या कृष्णवर्णीय व लॅटिनो वंशाच्या मुलाने एका मालेत स्पायडरमॅनचा मुखवटा घातला तेव्हा काहींनी हा आपला नायक नव्हेच, असे म्हटले. पण त्या मुलामध्ये भय होते, अपराधाची टोचणी होती आणि जबाबदारीचा स्वीकार होता, म्हणजे जो स्वभाव राखायचा तो शाबूत होता आणि बदलला होता तो फक्त चेहरा. ज्या श्रोत्यांनी एकाच रामाला संस्कृत, तमिळ आणि मराठीत, दगडात, कातड्यावर आणि कागदावर ओळखले, त्यांच्या वारसदारांना चेहरा आणि स्वभाव यांतला फरक कळायला हवा. तो न कळणाऱ्या वाचकाचा हक्क आपोआप दुबळा होतो, कारण राखणदारीच्या नावाखाली तो केवळ आपली सोय जपत असतो.

म्हणून नव्या अंकावरचा प्रत्येक आक्षेप शिरोधार्य नसला, तरी आक्षेप घेण्याची वृत्ती मौल्यवान आहे. लेखकाने वाचकाच्या मर्जीने लिहावे असा याचा अर्थ नाही. वाचक जे सांभाळून आहे त्याची जाण ठेवून त्याने लिहावे, आणि वाचकानेही रागावण्यापूर्वी आपले नेमके काय दुखावले, सातत्य, स्वभाव की सवय, हे स्वतःला विचारावे, एवढीच अपेक्षा आहे. तोल्पावैकूत्तु करणारी घराणी आज मोजकी उरली आहेत, आणि हा खेळ क्षीण झाला तो कोणी रामाची गोष्ट बिघडवली म्हणून नव्हे. दहा रात्री पडद्यासमोर बसणारा आणि अकराव्या दिवशी तिच्यावर वाद घालणारा श्रोता घटत गेला, म्हणून तो क्षीण झाला. ज्या कथेवर भांडायला कोणी येत नाही तिच्या पडद्यामागचा दिवा फार काळ जळत नाही, आणि नव्या अंकावर तावातावाने बोलणारा वाचक, चुकला तरीही, त्या दिव्यात तेल घालत असतो.