भिंतीवरची अमानत

१२ मे १९८९ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने रंगवलेली शेवटची गाडी सेवेतून काढून घेतली. जवळजवळ दोन दशके त्या शहरातल्या मुलांनी रेल्वेच्या डब्यांवर आपली नावे लिहिली होती आणि तितकीच वर्षे शहराने ती पुसली होती. त्या दिवशी पुसणाऱ्यांची जीत झाली. ते रंगवलेले डबे आता कुठेही धावत नाहीत. तरीही जगातल्या निरनिराळ्या शहरांत भिंती रंगवणारी मुले त्या डब्यांवरची अक्षरे ओळखतात, त्यांच्या वळणांचा अभ्यास करतात. कारण कुणीतरी त्या डब्यांची छायाचित्रे काढून ठेवली होती.

या लेखाचा प्रश्न त्या छायाचित्रांविषयी आहे. जे काम परवानगीवाचून, दुसऱ्याच्या मालमत्तेवर, रात्री लपूनछपून केले गेले, त्याचे कौतुक करावे का? त्याचा फोटो काढून जपून ठेवणारा माणूस त्या गुन्ह्याचा साथीदार ठरतो की साक्षीदार? आणि साक्षीदार म्हटला, तर त्याने साक्ष कुणाच्या बाजूने द्यायची?

आधी त्या लिहिण्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे भिंतीवर लिहिणारा बहुधा काहीतरी मागत असतो किंवा विकत असतो. त्याला मत हवे असते, नाहीतर त्याच्याकडे मूळव्याधीवर औषध असते. न्यूयॉर्कच्या या मुलांना काही विकायचे नव्हते. ती फक्त नाव लिहीत, तेही स्वतःच ठेवलेले टोपणनाव. वॉशिंग्टन हाइट्स भागात १८३व्या रस्त्यावर राहणारा, ग्रीक वंशाचा एक तरुण निरोप आणि पाकिटे पोहोचवण्याचे काम करी. कामानिमित्त शहरभर हिंडताना तो जागोजाग 'टाकी १८३' असे लिहीत गेला. जुलै १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच्यावर बातमी छापली. ज्याला शहरात कुणी ओळखत नाही, त्याचेही नाव सगळ्या शहराला वाचायला लावता येते, हे मग पुष्कळ मुलांना उमगले. मार्करच्या जागी स्प्रेचा रंग आला, सहीच्या जागी चित्र आले आणि पुढे पुढे खिडक्यांसकट अख्खा डबा एका नावाने झाकला जाऊ लागला.

हा काळही ध्यानात घ्यायला हवा. १९७५ साली न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी होती. साउथ ब्राँक्समध्ये इमारतीमागून इमारत आगीत जात होती आणि कित्येक गल्ल्या ओसाड पडल्या होत्या. त्या गल्ल्यांतल्या मुलाचे नाव घेऊन गाडी मॅनहॅटनच्या श्रीमंत वस्तीतून जाते, ही गोष्ट त्या मुलाला किती मोठी वाटत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. शाळेच्या हजेरीपुस्तकापलीकडे ज्याचे नाव कुठेही नसते, त्याला नावाची भूक कळते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रात्रपाळी करून घरी निघालेल्या बाईला डब्याच्या आत नकाशावर काळी शाई फासलेली दिसे. रंगाने माखलेल्या काचेतून बाहेरचे स्टेशन दिसत नसे. या गाडीकडे कुणाचेच लक्ष नाही, इथे आपले काही झाले तर कुणी धावून येणार नाही, असा त्या रंगाचा अर्थ तिला लागे. तिच्या भीतीला खोटी म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. ज्या कामगाराला ते डबे रसायनांनी धुवावे लागत, तोही काही धनिकाच्या घरचा नव्हता. गरिबाच्या मुलाने रात्री लिहायचे आणि गरिबाच्या बापाने सकाळी घासायचे, असा तो मामला होता.

या सगळ्यात कॅमेरा घेऊन दोन माणसे उतरली. हेन्री शॅल्फंट हे मूळचे शिल्पकार. उंच पुलावरच्या स्टेशनांत समोरच्या फलाटावर ते उभे राहत. गाडी थांबली की दोन-दोन पावले सरकत भराभर फोटो घेत आणि ते तुकडे नंतर हाताने जोडून अख्ख्या डब्याचे एक सलग चित्र तयार करत. त्यात ना स्टेशन असे, ना आकाश, ना प्रवासी. फक्त डबा आणि त्यावरचे नाव. मार्था कूपर या 'न्यूयॉर्क पोस्ट'च्या छायाचित्रकार. त्या ब्राँक्सच्या मोकळ्या भूखंडांवर तासन्‌तास वाट पाहत उभ्या राहत. रंगवलेली गाडी पुलावरून जावी, तेव्हा ऊन नेमके तिच्यावर असावे आणि मागेपुढे पडझड झालेली वस्तीही चौकटीत यावी, असा त्यांचा प्रयत्न असे. दोघांनी मिळून १९८४ साली 'सबवे आर्ट' हे पुस्तक प्रसिद्ध केले.

या दोघांच्या कामातल्या दोन गोष्टी मला नैतिक दृष्टीने मोलाच्या वाटतात. कूपर यांना हे लिहिणे आधी वाचताच येत नव्हते. गरीब वस्तीत खेळणाऱ्या मुलांचे फोटो काढत असताना एका मुलाने त्यांना आपली वही दाखवली आणि भिंतीवर आपण आपले टोपणनाव कसे लिहितो ते समजावले. त्यानेच पुढे त्यांची गाठ 'डाँडी' या नामांकित रायटरशी घालून दिली. म्हणजे पत्रकारबाई आधी शागीर्द झाल्या आणि मग त्यांनी कॅमेरा उचलला. दुसरी गोष्ट शॅल्फंट यांच्याबाबतची. काही काळाने मुलेच त्यांना फोन करून कळवू लागली की काल रात्री अमुक मार्गावरची गाडी रंगवली आहे, धुतली जाण्याआधी गाठा. मुले त्यांच्या स्टुडिओत येऊन आपलेच काम पाहत बसत, कारण मूळ काम तोवर पुसले गेलेले असे.

इथे मला एक जुना शब्द आठवतो. अमानत. आपल्या घरांतून तो लहानपणापासून कानावर पडतो. कुणी हजला निघताना शेजाऱ्याकडे दागिने ठेवून जातो. ते दागिने शेजाऱ्याच्या कपाटात असतात, पण शेजाऱ्याचे नसतात. ते अंगावर घालून मिरवायचे नसतात, विकायचे नसतात, आणि मालक आला की जसेच्या तसे परत करायचे असतात. त्या मुलांनी फोन करून शॅल्फंट यांच्या हवाली जे केले, ते अशाच प्रकारचे होते, असे मला वाटते. भिंतीवरच्या कामाचा फोटो ही काढणाऱ्याची मिळकत नव्हे. ती त्याच्याकडे ठेवलेली अमानत आहे.

कुणी म्हणेल, ज्या मालाचा उगमच बेकायदा, त्याची कसली अमानत? हा आक्षेप पोकळ नाही आणि तो न्यायालयाच्या दारापर्यंत गेलेलाही आहे. कपड्यांच्या एका जागतिक कंपनीने ब्रुकलिनमधल्या एका खेळाच्या मैदानातल्या रंगवलेल्या भिंतीसमोर आपली जाहिरात चित्रित केली. चित्र काढणाऱ्याने हरकत घेतली, तेव्हा २०१८ साली कंपनी न्यायालयात गेली. हे चित्र बेकायदा काढलेले असल्यामुळे त्यावर कुणाचा हक्कच असू शकत नाही, असे तिचे म्हणणे होते. चित्रकारांमध्ये संतापाची लाट उसळली आणि कंपनीने दावा मागे घेतला. तिच्या युक्तिवादातली खोच पाहण्यासारखी आहे. भिंत खराब केली म्हणून मुलगा गुन्हेगार, आणि त्याच भिंतीमुळे जाहिरात देखणी झाली तर नफा कंपनीचा! भिंतीवरचे चित्र वाईट असेल, तर ते जाहिरातीतही वाईटच असायला हवे.

याच शहरात याच्या उलटही घडले. क्वीन्स भागातली एक जुनी कारखान्याची इमारत 'फाइव्ह पॉइंट्झ' या नावाने ओळखली जाई. मालकाच्या परवानगीने तिथे शेकडो चित्रे काढली गेली होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत त्या भिंतींवर पांढरा रंग फासला आणि पुढच्या वर्षी इमारत पाडली. चित्रकार न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायाधीशांनी २१ चित्रकारांना ४५ चित्रांपोटी ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई दिली, आणि २०२० साली वरच्या न्यायालयाने ती कायम केली. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याप्रमाणे अशा वेळी कलावंतांना नव्वद दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. मालकाला इमारत पाडायची मुभा होती, निरोप न देता पुसण्याची नव्हती. खटला चालला तेव्हा भिंती शिल्लक नव्हत्या. त्या चित्रांची योग्यता ठरवायला न्यायालयापुढे होती ती छायाचित्रे आणि माणसांची साक्ष. जपलेली अमानत इथे मूळ धन्याच्या कामी आली.

मात्र हे सगळे रंगाचे आणि पैशाचे झाले. याहून जड किंमत एका तरुणाने मोजली. १५ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे मॅनहॅटनमधल्या फर्स्ट अॅव्हेन्यू स्टेशनवर मायकल स्टुअर्ट या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी पकडले. तो भिंतीवर लिहीत होता, असा आरोप होता. रुग्णालयात आणले तेव्हा तो बेशुद्ध होता. १३ दिवसांनी तो मरण पावला. खटला सहा पोलिसांवर चालला, आणि १९८५ साली सहाही जण निर्दोष सुटले.

त्याच काळात भिंतींवर लिहिण्यापासून सुरुवात केलेला जाँ-मिशेल बास्किया हा आणखी एक कृष्णवर्णीय तरुण चित्रकार म्हणून नावारूपाला आला होता. स्टुअर्टच्या मृत्यूनंतर त्याने कीथ हेअरिंग या मित्राच्या स्टुडिओतल्या भिंतीवर एक चित्र काढले. दोन गुलाबी चेहऱ्यांचे पोलीस लाठ्या उगारून उभे आहेत आणि मधे एक काळी आकृती आहे. चित्रावर त्याने जो शब्द लिहिला, त्याचा अर्थ विद्रूपीकरण. भिंतीवर लिहिण्याला कायदा ज्या शब्दाने गुन्हा म्हणतो, तोच हा शब्द. विद्रूप काय झाले, भिंत की माणूस, असा प्रश्न त्यात आहे. हेअरिंगने पुढे भिंतीचा तेवढा तुकडा कापून चौकटीत बसवला आणि आपल्याजवळ जपला. त्याने तो विकला नाही. २०१७ साली बास्कियाचे एक दुसरे चित्र ११ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. एकाच पिढीतली, एकाच शहरातली, एकाच रंगाची ही दोन मुले. एकाच्या रेषेला कोट्यवधींचे मोल आले आणि दुसऱ्याच्या जिवाचा इन्साफ झाला नाही. भिंतीवरच्या कलेचे कौतुक करताना स्टुअर्टला विसरणारा रसिक अर्धेच पाहतो.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रातही १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे. दुसऱ्या बाजूला परवानगीने आणि निमंत्रणाने रंगवलेल्या भिंतीही आहेत. २०१७ साली मुंबईच्या ससून डॉकवर मोठा कलामहोत्सव भरला आणि शहर तिथे फोटो काढायला लोटले. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. म्हणून शॅल्फंट आणि कूपर यांच्यापुढचा प्रश्न आता आपल्या सगळ्यांचा झाला आहे. रंगीत भिंतीसमोर उभे राहून स्वतःचा फोटो काढणारा माणूस त्या भिंतीला पडदा म्हणून वापरतो. ती जाहिरात कंपनी तेच करत होती, फक्त मोठ्या प्रमाणावर.

अमानत सांभाळायची तर काही साधी पथ्ये पाळावी लागतील. चित्राखाली सही असेल तर ती चौकटीतून कापू नये. जागा आणि तारीख लिहून ठेवावी, कारण भिंत उद्या नसेल. लिहिणारा समोर असेल आणि त्याला चेहरा दाखवायचा नसेल, तर तो टिपू नये. आपला छंद दुसऱ्याच्या घरी पोलीस घेऊन जाऊ नये. फोटो विकून पैसे आले, तर त्यात चित्रकाराचाही वाटा आहे, हे मान्य करावे.

शेवटचे पथ्य मला सर्वांत कठीण वाटते. शॅल्फंट यांच्यासारखे नुसते अक्षर टिपले तर कला पूर्ण दिसते, पण माणसे गळून पडतात. म्हणून कूपर यांच्यासारखे चार पावले मागे सरकावे. ज्याच्या दुकानाच्या शटरवर रात्रीत कुणी लिहून गेले, तो दुकानदार चौकटीत यावा. त्या भिंतीखाली टोपली घेऊन बसणारी बाई यावी. बादली आणि ब्रश घेऊन ते सारे पुसायला आलेला कामगारही यावा. लिहिणाऱ्याचे नाव जपणे जितके आपल्यावर बंधनकारक आहे, तितकाच या माणसांचा त्रास जपणेही. साक्षीदाराने एकाची बाजू घ्यायची नसते. त्याने जे घडले ते सगळे सांगायचे असते, आणि मग त्यातला गुन्हा किती, कला किती, याचा निवाडा पाहणाऱ्यावर सोपवायचा असतो.