खिशाला हलकं, हाताला जड

टेक्सासमधल्या आमच्या मराठी मंडळातली एक मुलगी घरं विकण्याच्या व्यवसायात आहे. अनोळखी गिऱ्हाइकाला रिकामं घर एकटीने दाखवायचं, हे तिचं रोजचं काम. मी बरीच वर्षं नेमबाजीच्या रेंजवर जातो, हे तिला माहीत होतं. एका दिवाळीच्या फराळाला मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, सगळ्यात हलकं आणि लहान रिव्हॉल्व्हर कोणतं ते सांगा. खिशात आहे हे मलाही जाणवू नये."

प्रश्न रास्त होता. पण ‘सगळ्यात हलकं’ हे शब्द ऐकले आणि मी चपापलो. छुपेपणाने बाळगायचं रिव्हॉल्व्हर निवडताना बहुतेक लोक इथेच चुकतात.

कायद्याची गोष्ट आधी उरकतो. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही हँडगन जवळ बाळगता येते. एच-वन-बी व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांनी मात्र हे स्वतःला लागू समजू नये. अशा व्हिसावर बंदूक विकत घेणं आणि बाळगणं संघराज्याच्या कायद्याने मना आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडेच अपवाद आहेत. ही मुलगी नागरिक आहे. तरीही मी तिला रीतसर परवाना काढायला लावला, कारण त्यासाठी कायद्याचा वर्ग करावा लागतो आणि निशाण्यावर गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात.

आता मूळ मुद्दा. खिशातल्या रिव्हॉल्व्हरचा इतिहास पाहिला तर तो सगळा वजाबाकीचा आहे. १९२०च्या दशकात कोल्ट कंपनीतले जॉन हेन्री फिट्झजेराल्ड मोठ्या रिव्हॉल्व्हरची नळी कापत, मूठ छाटत आणि कपड्यात अडकू नये म्हणून घोड्याचं, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीचं, शेपूटही उडवत. १९२७ मध्ये कोल्टने दोन इंची नळीचं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ काढलं, सहा गोळ्यांचं. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने एक गोळी कमी करून आपलं रिव्हॉल्व्हर काढलं. पाच काडतुसांचं चक्र सहाच्या चक्रापेक्षा बारीक असतं आणि खिशात कमी फुगतं. पोलीस प्रमुखांच्या परिषदेत ते मांडलं गेलं, म्हणून नाव पडलं ‘चीफ्स स्पेशल’. पुढे तेच ‘मॉडेल ३६’ झालं. ते पोलादी होतं आणि त्याचं वजन साधारण साडेपाचशे ग्रॅम होतं.

वजाबाकी तिथे थांबली नाही. पोलादी सांगाड्याच्या जागी अॅल्युमिनियम आलं. कंपनीला शंभर वर्षं झाली त्या १९५२ मध्ये ‘सेंटेनियल’ आलं. त्यात घोडा पूर्ण आत झाकून टाकला, म्हणजे खिशातून काढताना अडकायला काही उरलंच नाही. आज खूप खपणारं ‘६४२’ त्याच घराण्यातलं, सुमारे सव्वाचारशे ग्रॅमचं. पुढे अॅल्युमिनियममध्ये स्कँडियम मिसळून ‘३४० पीडी’ झालं, ते जेमतेम ३३५ ग्रॅमचं. त्यात पॉइंट ३५७ मॅग्नमसारखं जबर काडतूसही चालतं.

दुकानात काचेच्या पेटीवर हे रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की माणूस हरखतो. इतकं हलकं! पण दुकानात ते झाडून पाहता येत नाही. हलकेपणाचा सुखद अनुभव दुकानात मिळतो आणि त्याची किंमत रेंजवर कळते.

ही किंमत पदार्थविज्ञानानेच ठरवून टाकलेली आहे. गोळी जेवढा संवेग घेऊन पुढे जाते तेवढाच संवेग बंदुकीला मागे ढकलतो. काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली की मागे येण्याचा वेग वाढतो, आणि धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात चढते. साडेपाचशे ग्रॅमच्या पोलादी रिव्हॉल्व्हरऐवजी ३३५ ग्रॅमचं घेतलं, तर काडतुसांचं वजन धरूनही तोच बार हाताला सुमारे दीडपट जोराने बसतो. खिशातून काढून टाकलेलं वजन कुठे जात नाही. तळहात आणि अंगठ्याच्या बेचक्यात ते दुसऱ्या रूपात परत येतं.

चापाचंही तेच. घोडा आत झाकलेला असल्यामुळे तो आधी मागे ओढून ठेवता येत नाही. प्रत्येक गोळीला चाप शेवटपर्यंत दाबावा लागतो, आणि त्याला पाच-साडेपाच किलोंचा जोर लागतो. पाच किलो तांदळाच्या पिशवीचा बंद तर्जनीच्या एका पेरावर उचलून पाहा, म्हणजे अंदाज येईल. हा सगळा जोर लावायचा तो अर्धा किलोही नसलेल्या वस्तूवर, आणि ती वस्तू तसूभरही हलू द्यायची नाही. जड रिव्हॉल्व्हर स्वतःच्या वजनाने हाताला थोडा आधार देतं. हलकं बोटाबरोबर वळतं. नळी दोन इंचांहूनही जरा आखूड असल्यामुळे नेम धरण्याच्या दोन खुणांमधलं अंतरही थोडं राहतं, आणि हाताची लहानशी थरथर निशाण्यावर मोठी होऊन उमटते.

पण हा जड चाप निव्वळ दोष आहे असं मी म्हणणार नाही. या रिव्हॉल्व्हरना सुरक्षेची वेगळी कळ नसते. चापाचा जडपणा हीच त्यांची सुरक्षा, म्हणून तो घासूनपुसून फार हलका करून घेऊ नये.

मी तिला रेंजवर नेलं. तिथे भाड्याने दोन रिव्हॉल्व्हर घेतली, एक स्कँडियमचं आणि एक जुनं पोलादी. दोन्हीत साधं पॉइंट ३८ स्पेशल भरलं, मॅग्नम नाही. निशाणा सात यार्डांवर, म्हणजे दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आधी हलकं दिलं. पहिली गोळी कागदावर लागली. दुसरीच्या वेळी तिचे डोळे बार होण्याआधीच मिटले. तिसरी आणि चौथी कागदाच्या खाली गेली, कारण धक्क्याच्या धास्तीने तिची मूठ आधीच खाली दबत होती. पाचवी तिने झाडलीच नाही. रिव्हॉल्व्हर नळी पुढे करून मेजावर ठेवलं आणि उजवा हात चोळू लागली. अंगठ्याच्या मुळाशी लाल वळ उठला होता.

मग पोलादी दिलं. पाचही गोळ्या कागदावर लागल्या, चार तर एका ताटलीएवढ्या जागेत. तिने न सांगता पुन्हा काडतुसं भरली. माझ्या दृष्टीने निवड त्या क्षणीच झाली. जे शस्त्र पुन्हा भरावंसं वाटतं त्याचाच सराव होतो, आणि सरावाशिवाय छोटं रिव्हॉल्व्हर निरुपयोगी आहे.

इथे हमखास उत्तर येतं, की संकटात एक-दोन गोळ्याच झाडायच्या असतात, तेव्हा धक्का कुणाला जाणवतो? त्या क्षणी कदाचित जाणवणार नाही. पण त्या क्षणी हात तेच करतो जे त्याला आधी शिकवलेलं असतं. आणि दुखणाऱ्या बंदुकीने आपण त्याला काय शिकवलेलं असतं? डोळे मिटायला आणि मूठ दाबायला. शिवाय फार हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जोरदार काडतुसांनी आणखी एक गोष्ट घडते. धक्क्याने चक्रातल्या उरलेल्या काडतुसांमधली गोळी आपल्या कवचातून पुढे सरकते, तिचं टोक चक्राबाहेर येतं आणि चक्र फिरायचं अडतं. रिव्हॉल्व्हरची ख्याती त्याच्या भरवशामुळे आहे. काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप दाबा, पुढचं समोर येतं. वजन हावरटासारखं कमी केलं की हा भरवसाही डळमळतो.

दुसरी बाजूही खरी आहे. जड म्हणून कपाटात राहिलेलं शस्त्र वेळेला जवळ नसतं, आणि जे जवळ नाही ते चांगलं की वाईट हा प्रश्नच उरत नाही. म्हणून मी तिला सांगितलं ते असं: रोज न कंटाळता अंगावर बाळगता येईल अशांपैकी जे सर्वांत जड असेल, ते घे. वजन पेलायचं काम खिशाचं नाही, पट्ट्याचं आहे. जाड पट्टा आणि चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर असेल तर साडेपाचशे ग्रॅम दुपारपर्यंत विसरायला होतात.

खिशातच ठेवायचं असेल तर खिशाचं होल्स्टर हवं आणि त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्लीसुद्धा. पर्समध्ये तर नकोच. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहोमध्ये एका मोठ्या दुकानात खरेदी करताना दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि त्याच्या हातून आई मारली गेली. पर्स खास शस्त्रासाठीच बनवलेली होती. ही घटना मी प्रत्येकाला सांगतो, तिलाही सांगितली. तिला तीन वर्षांचा मुलगा आहे.

हलकंच घ्यायचं तर काडतूसही सौम्य घ्यावं. पॉइंट ३८ मध्ये ‘वॉडकटर’ नावाची सपाट तोंडाची गोळी मिळते. मूळ नेमबाजीच्या स्पर्धांसाठीची, धक्का मवाळ. २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसनने याच लहान सांगाड्यात पॉइंट ३२ मॅग्नमची रिव्हॉल्व्हर काढली. त्यात पाचाऐवजी सहा गोळ्या, धक्का कमी आणि नेम धरायच्या खुणा ठळक. इतकी वर्षं वजाबाकी करणाऱ्यांना हाताची आठवण झाली, हे मला फार बरं वाटलं.

पॉइंट ३२ म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाला ‘निर्भीक’ आठवेल. दिल्लीतल्या २०१२च्या अत्याचारानंतर, २०१४च्या सुरुवातीला, कानपूरच्या आयुध निर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून ते आणलं. वजन सुमारे पाचशे ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा चर्चा झाली ती ते पर्समध्ये मावतं याची. वास्तविक पॉइंट ३२ च्या सौम्य काडतुसाला पाचशे ग्रॅम हे चांगलं वजन आहे, आणि त्याची खरी जमेची बाजू तीच होती. बाई म्हणजे नाजूक, नाजूक म्हणजे हलकी बंदूक, असा हिशेब तिकडेही होतो आणि इकडे टेक्सासच्या दुकानांतही होतो. तो उलटा आहे. ज्याच्या मनगटात कमी जोर, त्याला बंदुकीचं वजन जास्त मदतीला येतं.

त्या मुलीने वापरलेलं, मुठीवर थोडं झिजलेलं पोलादी रिव्हॉल्व्हर घेतलं. रबराची मूठ बसवली, पट्टा बदलला, घरी बोटाच्या ठशाने उघडणारी तिजोरी आणली. महिन्यातून एकदा आम्ही रेंजवर जातो आणि ती पन्नास गोळ्या झाडते. तुमच्यापैकी कुणी कायद्याने पात्र असेल आणि असं शस्त्र घ्यायच्या विचारात असेल, तर दुकानात पैसे मोजण्याआधी रेंजवर तेच मॉडेल भाड्याने घ्या, पाच-पाच करून पंचवीस गोळ्या झाडा आणि मग आपला तळहात पाहा.