वीस सेकंद कुठून आले?

बस. जर्नल उघड. ग्रेटिंगचा प्रयोग काढ. प्रत्येक रीडिंगच्या शेवटी २० नाहीतर ४० सेकंद लिहिलेत. आपल्या स्पेक्ट्रोमीटरचा लीस्ट काउंट किती? मुख्य पट्टीवर अर्ध्या अंशाच्या खुणा, व्हर्नियरवर ३० भाग. म्हणजे १ मिनिट. मग वीस सेकंद आले कुठून? मी सांगतो. पुण्याच्या मित्राने जर्नलचा फोटो पाठवला आणि तू उतरवून काढलास. त्यांचं यंत्र वेगळं, एवढंही तुझ्या ध्यानात आलं नाही.

आणि वर्गात सांगत फिरतोस, इथे कोणी शिकवत नाही, एमएस्सीला पुणंच गाठायचं. जरूर जा. तिथे ग्रंथालय मोठं आहे, संशोधन करणारी माणसं आहेत, आपण फक्त चित्रात पाहतो ती उपकरणं आहेत. आपल्याकडे दोन जागा रिकाम्या. इलेक्ट्रॉनिक्सचे सर तासिका तत्त्वावर. तास संपला की दुसऱ्या कॉलेजकडे पळतात बिचारे. ही तक्रार खरी आहे, मी ती लेखी दिलीय. पण माझ्याबद्दल तुझं काय म्हणणं आहे? यूजीसीचा नियम सांगतो, शिक्षकाने रोज किमान ५ तास कॉलेजात हजर असावं. मी साडेदहा ते पाच लॅबशेजारच्या खोलीत असतो, दार उघडं टाकून. तीन वर्षांत आत किती वेळा आलास? दोनदा. दोन्ही वेळा सहीला.

मी एमएस्सी मोठ्या विद्यापीठात केलं. सर नामांकित, वर्ग खचाखच. एक शंका घेऊन त्यांच्या खोलीबाहेर ताटकळलोय आणि शिपायाने परत पाठवलंय. तुझ्या वर्गात २२ जण. कोण कुठे अडतं ते मला नावानिशी ठाऊक आहे. तुझं व्हर्नियर पहिल्या वर्षापासून कच्चं, हेही. तिथे हे तुला कोण सांगणार? मार्क कापले जातील आणि का कापले ते कळणारही नाही.

गेल्या गुरुवारी सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा वेगळ्या दाखवायच्या म्हणून लॅब सहापर्यंत उघडी ठेवली. ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉम. दुसऱ्या ऑर्डरला लख्ख सुट्या दिसल्या. चार मुली थांबल्या, हातची एसटी सोडून. तू कँटीनमध्ये होतास.

पान फाडू नकोस, आडवी रेघ मार. दिवा लाव. तो तापेपर्यंत व्हर्नियरचा शून्य कुठे आलाय ते मला वाचून दाखव.