नव्या पतंगाचे प्रामाण्य

काइटसर्फिंगचा नवा पतंग भरवशाचा आहे की नाही हे उडवल्याशिवाय कळत नाही, आणि भरवसा नसलेला पतंग उडवणे धोक्याचे असते. ही अडचण भारतीय तत्त्वज्ञानाला जुनीच परिचयाची आहे. ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरते, या प्रश्नावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके भांडले. मीमांसकांच्या मते ज्ञान उपजतच प्रमाण असते. ते खोटे ठरण्यासाठी मात्र बाहेरचे कारण लागते. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे खरेपणही बाहेरूनच कळते, मुख्यतः त्यावर विसंबून केलेली कृती सफळ झाली म्हणजे. पहिला पक्ष स्वतःप्रामाण्यवाद्यांचा, दुसरा परतःप्रामाण्यवाद्यांचा.

समुद्रावरचा हा पतंग संक्रांतीच्या पतंगाचा नावापुरताच नातलग. फ्रान्समधील ब्रिटनीच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ साली फुगवता येणाऱ्या पतंगाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पाण्यात पडलेला पतंग बुडू नये, पुन्हा उचलता यावा, हा त्यामागचा हेतू होता. त्याच्या पुढच्या कडेची जाड नळी पंपाने फुगवतात. दोऱ्या साधारणपणे चार, वीस ते चोवीस मीटर लांबीच्या. पुढच्या दोन कमरेच्या हार्नेसमार्फत ओढ पेलतात, मागच्या दोन हातातल्या बारच्या टोकांना बांधलेल्या असतात आणि पतंग वळवतात. बार अंगापासून दूर ढकलला की ओढ कमी होते. ही ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १२ नॉटचा वारा २४ नॉटचा झाला तर तोच पतंग चौपट जोराने ओढतो. म्हणून येथे चुकीच्या ज्ञानाची किंमत शरीराने मोजावी लागते.

कुमारिलांनी सातव्या शतकात श्लोकवार्तिकात मीमांसेची बाजू सविस्तर मांडली. ज्ञान दोनच प्रकारांनी रद्द होते: नंतर आलेल्या विरुद्ध ज्ञानाने, किंवा ज्ञान देणाऱ्या साधनातच दोष सापडल्याने. यांपैकी काही घडले नाही तर ते खरे धरावे. प्रत्येक ज्ञान दुसऱ्याने पडताळायचे तर ते दुसरेही तिसऱ्याने पडताळावे लागेल आणि अनवस्था ओढवेल. किनाऱ्यावरची तपासणी बरीचशी या रीतीची असते. नळीतून हवा गळते का, दोऱ्यांना पीळ पडला आहे का, पुढची दोरी मागच्या जागी तर जोडली नाही ना, हे पाहणे म्हणजे दोष शोधणे. दोष सापडला नाही की तपासणी संपते. पंपावरचा दाबमापक बरोबर आहे का हे पाहायला दुसरा दाबमापक आणि त्याच्यासाठी तिसरा कोणी आणत नाही.

परंतु निर्दोष दिसणे आणि हवेत नीट चालणे यांत अंतर आहे, आणि नैयायिकांचे बळ तेथेच आहे. वात्स्यायनांनी न्यायभाष्याचा आरंभच सफळ प्रवृत्तीने केला आहे. दिसले ते पाणी की मृगजळ, हे तहान भागल्यावर ठरते. यावर उघड आक्षेप असा की कृतीआधी खात्रीच नसेल तर माणूस कृती करीलच कशाला? नैयायिकांचे उत्तर व्यवहारी आहे. रोजच्या कामांत संशय असूनही माणूस हात घालतो. निश्चय त्यासाठी लागत नाही. तहान भागल्याच्या जाणिवेवर मात्र सहसा कोणी शंका घेत नाही, हार्नेसला बसलेल्या ओढीवरही नाही. आणि जेथे बरेच काही पणाला लागलेले असते, तेथे पूर्वी पारखलेल्या गोष्टीशी सजातीय असणे हा आधार मिळतो. चौदाव्या शतकात गंगेशांच्या तत्त्वचिंतामणीपर्यंत ही चर्चा फार सूक्ष्म झाली.

त्याच कंपनीचा आधीचा पतंग चांगला होता, म्हणून हाही चांगला असेल, हे अनुमान याच जातीचे. त्याचा कच्चा दुवा असा की सजातीय कशाला म्हणायचे हे अनुभव आपणहून सांगत नाही. सुरुवातीच्या सी-आकाराच्या पतंगांत बार सोडला तरी बरीच ओढ उरत असे. २००५च्या सुमारास आलेल्या बो पतंगांत ती जवळजवळ शून्यावर आणता येऊ लागली. दोन्ही पतंगच, पण एकावर बसलेली हाताची सवय दुसऱ्यावर फसवू शकते. वाऱ्याचेही तसेच. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफा येथे पोनिएंते हा पश्चिमेचा वारा बराच एकसारखा वाहतो, तर पूर्वेचा लेव्हान्ते झटक्यांचा असतो आणि लोस लान्सेसच्या किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे जातो. गोव्यातील मोरजीच्या दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात पार पडलेली चाचणी लेव्हान्तेबद्दल फारसे काही सिद्ध करत नाही.

मुळात हा वाद वेदांसाठी होता. यज्ञाने स्वर्ग मिळतो हे या जन्मात तपासता येत नाही. मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले. कर्ताच नाही तर कर्त्याचा दोष कोठून येणार? न्यायसूत्रांनी वेगळा मार्ग घेतला: मंत्र आणि आयुर्वेद यांची प्रचीती येते, त्यांच्याप्रमाणेच वेदही आप्ताचे, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याचे, वचन म्हणून प्रमाण. पतंगाच्या उदाहरणाने या युक्तिवादाची मर्यादा स्पष्ट होते. पारखलेल्या भागावरून न पारखलेल्या भागाकडे जाताना दोन्ही एकाच जातीचे आहेत हे आधी दाखवावे लागते. औषधाचा गुण आणि स्वर्गाची प्राप्ती यांत ते दाखवलेले नाही. श्रद्धेला यामुळे बाधा येतेच असे नाही, पण तिला अनुमानाचा आधार मिळाला असे म्हणता येत नाही.

नव्या पतंगापुरता निर्णय नैयायिकांच्या बाजूने द्यावा लागतो, एका सुधारणेसह. सफळ कृती पुरेशी नसते. अपयशही मुद्दाम घडवून पाहावे लागते. ओढ एकदम तोडणारी सुटका-यंत्रणा पहिल्याच दिवशी, मंद वाऱ्यात, गरज नसताना ओढून पाहतात, कारण गरज पडते तेव्हा शिकायला वेळ नसतो. या यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० साली आले. त्याचा विषय सुटका-यंत्रणेपुरताच आहे. झटक्याच्या वाऱ्यात पतंग कसा वागतो, हे उडवणाऱ्यालाच पाहावे लागते.