गायरानातून जाणारी वाघाची वाट

महाराष्ट्रात मोठ्या मांसभक्षक प्राण्यांच्या संरक्षणाची चर्चा बहुधा अभयारण्याच्या हद्दीत सुरू होते आणि तिथेच संपते. परंतु या प्राण्यांचे भवितव्य हिंगोली जिल्ह्यातील सेनगावसारख्या शेतीप्रधान तालुक्यांच्या माळांवर, ओढ्यांच्या काठांवर आणि गायरानांतही ठरत असते. याची साक्ष २०१९ साली एका वाघाने दिली. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला आणि गळ्यात रेडिओ कॉलर बसवलेला ‘टी१-सी१’ हा तरुण नर जूनमध्ये तिथून निघाला आणि नांदेड, हिंगोली, वाशीम या जिल्ह्यांतून व शेजारच्या तेलंगणातून फिरत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबरपर्यंत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला.

या भटकंतीच्या मुळाशी स्पर्धा होती. वाघ आपली हद्द राखून राहतो आणि प्रौढ नर दुसऱ्या नराला त्या हद्दीत सहसा टिकू देत नाही. टिपेश्वरचे क्षेत्र अवघे १४८ चौरस किलोमीटर असल्याने वयात आलेल्या नरांना बाहेरची वाट धरणे भाग पडते. अन्न, पाणी, आडोसा आणि जोडीदार जिथे मिळतो तो प्राण्याचा अधिवास, आणि अशा दोन अधिवासांना जोडणारा पट्टा म्हणजे भ्रमणमार्ग. दिवसा झुडपांत दबून राहत आणि रात्री चालत हा वाघ ज्या भ्रमणमार्गाने गेला, त्याचा फार मोठा भाग शेतजमिनीचा होता.

शेताचा आडोसा मात्र हंगामापुरता असतो. सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून घेतलेली तूर सोयाबीन निघाल्यावर माणसाच्या उंचीइतकी वाढते आणि थंडीत तिच्या ओळींमधून मोठे जनावरही नजरेस न पडता निघून जाते; ती कापली गेली की सारे शिवार उघडे पडते आणि उन्हाळाभर ओढ्याकाठची झुडपे व गायरान एवढाच आसरा उरतो. हवामान बदलाचा घाव नेमका याच दिवसांत बसतो. मराठवाड्यात पाऊस मोजक्या दिवसांत कोसळू लागला, मधले खंड लांबले, तसे पाणी मुरण्याआधीच वाहून जाऊ लागले. त्यामुळे डोह लवकर आटतात, माळावरचे गवत खुरटते, आणि रोही, रानडुक्कर, गावची गुरे व त्यांच्यामागे फिरणारा मांसभक्षक हे सारे उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर एकत्र येतात. हिमालयात उष्णतेने वृक्षरेषा वर सरकली की हिमबिबट्याचे मोकळे डोंगर आक्रसतात; दख्खनच्या पठारावर आक्रसतात ते पाणवठे.

वाघ या प्रदेशातला वाटसरू, तर माळरानाचा खरा रहिवासी लांडगा. त्याची स्पर्धा भटक्या कुत्र्यांशी आहे. कुत्री त्याच्या भक्ष्यावर हक्क सांगतात, रोग पसरवतात आणि त्याच्याशी संकरही करतात; असा संकर पुणे परिसरातील लांडग्यांच्या जनुकीय अभ्यासात सिद्ध झाला आहे. गवत आणि लहान वन्यजीव घटले की तो मेंढरांच्या कळपाकडे वळतो, आणि दुष्काळाने आधीच पिचलेल्या मेंढपाळाला त्याचा राग येणे स्वाभाविक असते. या रागाला दोष देऊन संरक्षण साधत नाही; नुकसानभरपाई वेळेवर आणि खेटे न घालता मिळाली, तरच गावाकडून सहनशीलतेची अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार समाजाला उरतो.

म्हणून संरक्षणाचे काम अभयारण्याइतकेच ग्रामसभेतही झाले पाहिजे. गायरानावरील अतिक्रमण रोखणे, ओढ्याकाठची झुडपे न जाळणे, उघड्या विहिरींना कठडे बांधणे आणि उन्हाळ्यात एखादा पाणवठा वन्यजीवांसाठी राखणे, ही कामे गावाच्या आवाक्यातली आहेत. जे गायरान गुरांना चारा देते आणि पावसाचे पाणी अडवते, तेच वाटेवरच्या वाघाला दिवसभराचा आडोसा देते. ते मोडले तर नुकसान आधी गावाचे होईल आणि मग वाघाचे. प्रत्येक गावाने आपले गायरान राखावे.